बसच्या खिडकीतून माल्टा: ३१६ चौरस किलोमीटरमधली धंद्याची शाळा

माल्टाचा व्हिडिओ पाहून खूप जणांनी दोन प्रश्न विचारले. पहिला, गाडी न घेता, टूर कंपनी न पकडता आठ दिवस फिरणं खरंच जमतं का? दुसरा, "सर, तुम्ही धंदा शिकवता, मग हे बेटबिट कुठून आलं?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. बस. व्हिडिओला वेळेची मर्यादा असते, म्हणून राहिलेलं सगळं इथे सविस्तर लिहितोय. फिरायला जाणाऱ्यांना रूट मिळतील आणि दुकान टाकायच्या विचारात असलेल्यांना विचार करायला काहीतरी मिळेल.

माझं दुकान बसस्टँडच्या रस्त्यावर आहे. बस लागली की गिऱ्हाईक येतं, बस गेली की रस्ता मोकळा होतो, हे मी रोज बघतो. त्यामुळे नवीन गावात गेलो की मी आधी बसमध्ये चढतो. भाड्याच्या गाडीतून आपल्याला ठिकाणं दिसतात. बसमधून गावातली माणसं दिसतात. कुठे चढतात, हातात कुठली पिशवी असते, उतरून कुठल्या दुकानात शिरतात, हे सगळं तिकिटाच्या पैशात बघायला मिळतं.

आधी बेट समजून घेऊ

माल्टा हा भूमध्य समुद्रातला देश. इटलीच्या सिसिली बेटाच्या खाली, आफ्रिकेच्या वर. माल्टा, गोझो आणि छोटंसं कोमिनो मिळून क्षेत्रफळ फक्त ३१६ चौरस किलोमीटर. म्हणजे अख्खा देश मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा लहान! लोकसंख्या पाच लाखांच्या पुढे. २००४ मध्ये युरोपियन युनियनमध्ये गेला, २००८ पासून चलन युरो. भारतातून थेट विमान नाही, दुबई किंवा इस्तंबूलसारख्या ठिकाणी बदलून जावं लागतं. व्हिसा शेंगेनचा.

इथे कोण कोण येऊन गेलं ते बघा. फिनिशियन, रोमन, अरब, मग १५३० पासून सेंट जॉनचे नाइट्स. त्यांना हे बेट मिळालं तेव्हा वर्षाचं भाडं ठरलं होतं एक ससाणा पक्षी! १५६५ साली ऑटोमन तुर्कांचा मोठा वेढा पडला, तो परतवला आणि पुढच्याच वर्षी वॅलेटा शहराचा पाया घातला. १७९८ ला नेपोलियन, त्याच्यामागे ब्रिटिश. स्वातंत्र्य मिळालं २१ सप्टेंबर १९६४ ला.

या सगळ्याचा परिणाम भाषेवर आहे. माल्टी भाषा मूळची अरबी वळणाची, पण लिहितात रोमन लिपीत, आणि तिच्यात इटालियन शब्दांची भरपूर भर. बसमध्ये कान देऊन बसलात तर गंमत येते. जगाला ते 'दिन्या' म्हणतात, आपली दुनिया. पुस्तक म्हणजे 'क्तीब', आपली किताब. साबणाला 'सापुन'. आभार मात्र 'ग्रात्सी', हा इटालियनकडून घेतलेला. इंग्रजी ही दुसरी अधिकृत भाषा आहे, त्यामुळे आपलं काही अडत नाही.

तिकिटाचं गणित

पूर्वी इथे रेल्वे होती, वॅलेटा ते मदिना, १८८३ ते १९३१. ती बंद झाली ती झालीच. आज सगळा भार बसवर.

बसचं साधं तिकीट दिवसा अडीच युरो, दोन तास चालतं. त्या वेळेत बस बदलता येते. सात दिवसांचं 'एक्स्प्लोर' कार्ड साधारण २५ युरोंना मिळतं, हवा तितका प्रवास करा. दिवसातून दोन-तीन बस पकडणार असाल तर कार्डच परवडतं. जाण्याआधी ताजे दर आणि रूट बस कंपनीच्या ॲपवर बघून घ्या, कारण रूट बदलत राहतात. ॲपचं आणि कार्डचं नाव 'तालिन्या'.

आता यातली धंद्याची गोष्ट. १ ऑक्टोबर २०२२ पासून माल्टात राहणाऱ्यांना, त्यांच्या नावाचं कार्ड असेल तर, बस मोफत आहे. पाहुण्याला पैसे, घरच्याला फुकट. सीट तीच, ड्रायव्हर तोच. एकाच मालाचे दोन भाव, आणि पाहुणा त्यावर कुरकुरत नाही, कारण त्यालाही टॅक्सीच्या मानाने हे स्वस्तच पडतं. तुमच्या रोजच्या गिऱ्हाइकाला आणि वाटसरूला एकच भाव लावायचा की वेगळा, यावर आपण क्लासमध्ये तासभर भांडलो होतो, आठवतंय का? इथे एका देशाने त्यावर निर्णय घेऊन टाकलाय.

दोन सूचना. स्टॉपवर उभं राहून हात दाखवावा लागतो, नाहीतर बस पुढे निघून जाते. आणि बस भरलेली असेल तर हात दाखवूनही थांबत नाही. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी गेलो होतो. समुद्रकिनाऱ्याच्या रूटवर संध्याकाळी दोन-दोन बस अशा गेल्या. म्हणून शक्य असेल तिथे मधल्या स्टॉपऐवजी पहिल्या स्टॉपवरून चढा आणि सकाळी लवकर निघा.

वॅलेटा: जिथे सगळ्या बस जमतात

बहुतेक रूट वॅलेटाच्या वेशीबाहेर, ट्रायटन कारंज्याजवळ येऊन थांबतात. उतरलं की समोर शहराचं दार. आत गाड्यांना फारशी जागाच नाही, शहर पायी फिरायचं. लांबी जेमतेम एक किलोमीटर. मधाच्या रंगाच्या चुनखडीच्या इमारती, त्यांना हिरव्या-निळ्या-लाल लाकडी बंद सज्जे. १९८० पासून हे अख्खं शहर जागतिक वारसा यादीत आहे.

सेंट जॉन्स को-कॅथेड्रल चुकवू नका. बाहेरून किल्ल्यासारखं कोरडं, आत सोनंच सोनं. तिथे काराव्हाज्जो या चित्रकाराचं १६०८ मधलं भलंमोठं चित्र आहे, सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही कुठे? चित्रातल्या रक्तात.

मुख्य रस्त्यावर 'कॅफे कॉर्दिना' आहे, धंदा १८३७ पासूनचा. पण माझं लक्ष बसस्टॉप ते वेस या शे-दोनशे पावलांवर होतं. तिथे खाण्याचे ठेले आहेत, जिथे थांबायलाच लागत नाही. पैसे दिले, कागदात गुंडाळून घेतलं, चालू लागलं. कॅफे आत, जिथे माणूस बसायला तयार झालेला असतो. उतरल्या-उतरल्या माणसाला काय हवं आणि अर्ध्या तासाने काय हवं, हे दोन वेगळे धंदे आहेत. जागा बघताना "इथे गर्दी आहे" एवढं पुरत नाही, ती गर्दी घाईत आहे की निवांत, हे बघावं लागतं.

वॅलेटाच्या कापडधंद्यात आपल्या उपखंडाचाही हात आहे. सिंधी व्यापारी १९व्या शतकाच्या शेवटी इथे आले, ब्रिटिशांचं आरमारी बंदर बघून. जहाज लागलं की खलाशी उतरणार, खिशात पगार असणार, घरी न्यायला रेशीम आणि शोभेच्या वस्तू घेणार. ती जहाजं गेली, पण ती कुटुंबं टिकली. माल बदलला, गिऱ्हाईक बदललं, पेढी चालू राहिली.

लिफ्ट, फेरी आणि दायसा

अप्पर बराक्का बागेतून ग्रँड हार्बरचं दृश्य बघायचं आणि दुपारी बाराला तोफेची सलामी ऐकायची. मग तिथूनच ५८ मीटर उंचीच्या लिफ्टने खाली बंदरावर यायचं. २०१२ मध्ये ही लिफ्ट सुरू झाली. खालून फेरीबोट पलीकडच्या 'तीन शहरां'ना नेते. शेजारीच 'दायसा' असतात, दोन्ही टोकं उंच वळलेल्या रंगीत लाकडी होड्या. माणशी दोन-एक युरोत पलीकडे सोडतात.

मोठी फेरी चालू असताना ही छोटी होडी टिकली कशी? दायसावाला वेळापत्रकाची वाट बघत नाही, चार माणसं झाली की निघतो. उन्हाळ्याच्या दुपारी पंचवीस मिनिटं पुढच्या फेरीची वाट बघण्यापेक्षा लोक त्याच्याकडे जातात. शिवाय पाण्याच्या इतक्या जवळून बंदर बघणं मोठ्या बोटीतून होत नाही. मोठ्याशी भावात लढण्यापेक्षा जे मोठ्याला जमत नाही ते तो विकतो.

मार्साश्लोक: डोळे रंगवलेल्या होड्या

वॅलेटाहून ८१ नंबरची बस. नावातला 'मार्सा' म्हणजे बंदर, 'श्लोक' म्हणजे आग्नेयेकडून येणारा वारा. बंदरात निळ्या-पिवळ्या-लाल पट्ट्यांच्या 'लुत्सू' होड्या, नाळेवर दोन्ही बाजूंना रंगवलेले डोळे. ही चाल फिनिशियन काळापासूनची मानतात, समुद्रातल्या संकटावर नजर ठेवायला.

रविवारी इथे मासळी बाजार भरतो. सकाळी नऊच्या आत पोचलात तर मासळी आणि गावकरी दिसतात. अकरानंतर पर्यटक येतात आणि बाजाराचा मोठा भाग टॉवेल, मॅग्नेट, टोप्या असाच दिसतो.

आम्ही गेलो तेव्हा लाम्पुकीचा हंगाम होता, ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत चालणारा. या माशाच्या पकडण्याची रीत मला फार आवडली. कोळी माडासारख्या झाडाच्या झावळ्या बांधून त्याचे तराफे समुद्रात सोडतात, दगडाने नांगरून. लाम्पुकी उन्हापासून सावली शोधत त्या तराफ्याखाली जमतात. मग जाळं टाकायचं. माशामागे धावायचं नाही, त्याला हवी ती सावली आधी तयार करायची. माझ्या दुकानासमोर उन्हाळ्यात मी हिरवी जाळी बांधतो आणि माठ ठेवतो. शाळेच्या रिक्षेची वाट बघणाऱ्या आया तिथेच उभ्या राहतात. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

मोस्टा, मदिना आणि पास्तित्सी

४१ नंबरची बस मोस्टावरून जाते. तिथल्या चर्चला प्रचंड मोठा घुमट आहे. ९ एप्रिल १९४२ ला, दुसऱ्या महायुद्धात, आत प्रार्थनेला सुमारे ३०० लोक असताना एक बॉम्ब घुमट फोडून आत पडला आणि फुटला नाही. त्या बॉम्बची प्रतिकृती आत ठेवली आहे. त्याच महिन्यात ब्रिटनच्या राजाने अख्ख्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिलं. आजही ते देशाच्या झेंड्यावर आहे.

रबात आणि मदिनासाठी ५१, ५२ किंवा ५३. मदिना जुनी राजधानी, तटबंदीच्या आत, वस्ती ३०० सुद्धा नाही. दुपारच्या गर्दीनंतर, संध्याकाळी जा. बोळांत फक्त आपल्या चपलांचा आवाज येतो.

तटाबाहेर रबातमध्ये पास्तित्सीची दुकानं. पास्तित्सी म्हणजे पापुद्र्यांची खारीसारखी करंजी, आत रिकोटा चीज किंवा वाटाण्याचं सारण. वाटाण्याची आपल्या शाकाहारी मंडळींना चालेल असं वाटतं, पण पाऱ्यांना चरबी लावलेली असू शकते, विचारून घ्या. एक युरोच्या आत एक मिळते. दोन खाल्ल्या की जेवणच. सोबत 'किनी' हे कडवट संत्र्याचं पेय, १९५२ पासून बाजारात आहे. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, तिसऱ्या दिवशी आपणच मागतो.

मी एका संध्याकाळी तासभर एका छोट्या पास्तित्सीच्या दुकानासमोर बसलो होतो. माल दोनच प्रकारचा, चहा ग्लासमध्ये, खुर्च्या जुन्या. ड्रायव्हर, पोलीस, शाळेतली पोरं, पर्यटक, सगळे एकाच रांगेत. मेनूकार्ड नाही, कारण वाचायला काही नाही. "सर, व्हरायटी नसेल तर गिऱ्हाईक कसं येणार?" असं विचारणाऱ्यांसाठी मी तो तासभराचा व्हिडिओ जपून ठेवलाय.

२०१ नंबर: देखावा हवा असेल तर हीच बस

एकच बस सुचवायची असेल तर मी २०१ सुचवेन. रबातवरून निघते, डिंगलीच्या कड्यांवरून जाते. सुमारे २५० मीटर उंच कडे, खाली सरळ समुद्र, रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला दगडी बांध घातलेली छोटी शेतं आणि निवडुंगाची कुंपणं. पुढे हाजार ईमचं मंदिर, मग ब्लू ग्रोटोच्या समुद्री गुहा, शेवटी विमानतळ. बस तासाला एखादीच असते, उतरायच्या आधी पुढची कधी ते बघूनच उतरा.

हाजार ईम आणि खालच्या उतारावरचं मनायद्रा ही दगडी मंदिरं ख्रिस्तपूर्व ३६०० ते ३२०० च्या आसपासची. गिझाच्या पिरॅमिडपेक्षा जवळपास हजार वर्षं जुनी! २००९ मध्ये त्यांच्यावर पांढरं छत उभारलं, ऊन-पावसापासून वाचवायला.

त्याच काळातलं हाल साफ्लिएनी हे जमिनीखालचं दफनस्थान पाओला गावात आहे. तिथे दिवसाला फक्त ८० माणसांना आत सोडतात, कारण श्वासातल्या ओलाव्याने आतलं रंगकाम खराब होतं. तिकीट खूप आधी ऑनलाइन काढावं लागतं. गिऱ्हाईक दारात उभं असताना "नाही" म्हणणं किती अवघड असतं हे तुम्हाला माहीत आहे. पण रोज आठशे सोडले असते तर काही वर्षांनी दाखवायलाच काही उरलं नसतं.

गोझो: तिकीट जाताना नाही, येताना

४१ किंवा स्लीमाहून २२२ ने थेट चिर्केव्वा धक्का. तिथून गोझोची फेरी, साधारण २५ मिनिटं. चढताना कुणी तिकीट विचारत नाही! गोझोहून परत निघताना ४.६५ युरो. गेलेला माणूस परत येणारच, मग दोनदा काउंटर, दोनदा रांग, दोनदा माणसं कशाला? वसुलीची जागा एकच ठेवली की खर्च निम्मा. वॅलेटाहून थेट वेगवान फेरीही आहे, तिचं तिकीट वेगळं.

गोझोत उतरल्यावर ३०१ नंबरची बस व्हिक्टोरिया या मुख्य गावाला. टेकडीवर सितादेल्ला किल्ला, वरून अख्खं बेट दिसतं. व्हिक्टोरियातूनच सगळ्या गावांना बस सुटतात. ३११ ने द्वेय्राला जा. इथे समुद्रात 'अझुर विंडो' नावाची प्रसिद्ध दगडी कमान होती. ८ मार्च २०१७ ला वादळात ती कोसळली. आता कमान नाही, तरी बस चालू आहे आणि लोक येतात. समोरच बोगद्यातून समुद्राला जोडलेलं खाऱ्या पाण्याचं छोटं तळं आहे. तिथले होडीवाले पूर्वी कमान दाखवायला न्यायचे, आता बोगदा, गुहा आणि कडे दाखवायला नेतात. ज्या एका गोष्टीवर धंदा उभा होता ती एका सकाळी नाहीशी झाली, पण होडी, बोगदा आणि समुद्राची माहिती त्यांच्याजवळ होती, ती राहिली.

मार्सालफॉर्नच्या पुढे समुद्राकाठी खडकात कोरलेली मिठागरं आहेत. चौकोनी उथळ खाचे, बुद्धिबळाच्या पटासारखे. काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हेच करतात. उन्हाळ्यात खाचे भरायचे, पाणी उडालं की झाडूने मीठ गोळा करायचं. रस्त्याकडेला टेबलावर पिशव्या मांडून एक काकू बसल्या होत्या. मी भाव विचारला. त्यांनी भाव नंतर सांगितला, आधी चिमूटभर मीठ हातावर ठेवलं आणि म्हणाल्या, "आधी खा." मग समोरच्या खाच्याकडे बोट दाखवलं. दुकानात मिळणाऱ्या मिठाच्या कितीतरी पट भाव होता. माझ्यासमोर सहा पिशव्या गेल्या, सातवी माझी.

पिवळ्या बसचे मालक

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग.

माल्टात दुकानोदुकानी एक खेळणं विकायला असतं, जुनी पिवळी बस. मी विचारलं, ही बस कुठे बघायला मिळेल? उत्तर आलं, रस्त्यावर नाही.

माल्टीत बसला 'शाराबँक' म्हणतात. २०११ पर्यंत या बस कंपनीच्या नव्हत्या, बहुतेक बस ड्रायव्हर-मालकांच्याच होत्या. ब्रिटिश बनावटीचे जुने चॅसी, त्यावर बेटावरच्या कारागिरांनी बांधलेली बॉडी. मालक तिला घरच्या माणसासारखी सजवायचा. क्रोमच्या पट्ट्या, हाताने रंगवलेली अक्षरं, ड्रायव्हरच्या डोक्यावर देवाची तसबीर. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना हे नवीन नाही. फार पूर्वी प्रत्येक रूटचा रंग वेगळा होता, वाचता न येणाराही रंगावरून बस ओळखायचा. नंतर सगळ्या हिरव्या झाल्या आणि १९९५ पासून पिवळ्या.

बाप-मुलगा-नातू असा धंदा. परवाना हीच दौलत. नवीन परवाने सहजी मिळत नव्हते, त्यामुळे बाहेरून स्पर्धा नव्हती. आणि अडचण इथेच आली. स्पर्धा नाही म्हटल्यावर गाड्या बदलायची घाई कुणालाच नव्हती. पायऱ्या उंच, म्हाताऱ्यांना चढता येत नाही, व्हीलचेअरचा प्रश्नच नाही. एसी नाही, धूर भरपूर. लोक तक्रार करायचे, आणि हळूहळू स्वतःची गाडी घ्यायचे. आज या एवढ्याशा बेटावर चार लाखांहून जास्त नोंदणीकृत वाहनं आहेत.

मग सरकारने सगळी सेवा एका कंपनीला द्यायचं ठरवलं. ३ जुलै २०११ ला अराइव्हा ही कंपनी आली. आदल्या रात्री पिवळ्या बस शेवटच्या धावल्या. मालकांना भरपाई मिळाली, काहींना नव्या कंपनीत नोकरीची वाट होती. पण काल स्वतःच्या गाडीचा मालक असलेल्या माणसाने आज गणवेश घालून दुसऱ्याची बस चालवायची, याची भरपाई कुठल्या रकमेत होते?

पुढची गोष्टही ऐका, म्हणजे "जुनं वाईट, नवं चांगलं" असा सोपा निष्कर्ष निघणार नाही. नव्या कंपनीने लंडनमध्ये वापरलेल्या लांबलचक जोडबस आणल्या. माल्टाचे अरुंद रस्ते आणि वळणं, त्यात त्या अडकायच्या. २०१३ च्या उन्हाळ्यात काही बसना आगी लागल्यावर त्या बंद केल्या. २०१३ संपता संपता कंपनीच निघून गेली. वर्षभर सरकारने सेवा चालवली, आणि २०१५ पासून एका स्पॅनिश कंपनीकडे ती आहे. म्हणजे ज्यांना रस्ता पाठ होता त्यांनी गाडी बदलली नाही, आणि ज्यांनी गाडी बदलली त्यांना रस्ता माहीत नव्हता.

थोड्या पिवळ्या बस मात्र वाचल्या. काही मालकांनी त्या जपल्या, चकाचक केल्या. आज त्या लग्नाच्या वरातीला, खास सहलींना भाड्याने जातात, काही वस्तुसंग्रहात आहेत. तिकिटावर चालत होत्या तेव्हा लोक ज्या गाडीला कंटाळले होते, त्याच गाडीत फोटो काढायला आता पैसे देतात. पण शेकड्यांमधल्या किती जणांना हे जमलं असेल, याचा हिशोब करा.

आता स्वतःला विचारा. तुमचा धंदा कशावर उभा आहे? एक परवाना, एक एजन्सी, एकच मोठं गिऱ्हाईक, बसस्टँडसमोरची एकच जागा? माझं दुकानही बसस्टँडच्या रस्त्यावरच आहे. उद्या स्टँड गावाबाहेर गेलं तर? म्हणून गेल्या वर्षापासून मी शाळांच्या ऑर्डर घरपोच द्यायला सुरुवात केली. त्यात आज मार्जिन कमी आहे, पण ती गिऱ्हाइकं मला नावाने ओळखतात, रस्त्याने नाही.

परतीच्या दिवशी विमानतळाच्या 'एक्स ४' बसचा ड्रायव्हर पंजाबी निघाला. इथे आता भारतातून आलेले बरेच ड्रायव्हर आहेत. सिग्नलला त्याला विचारलं, कसं चाललंय? तो हसून म्हणाला, "गाडी कंपनी की, रास्ता मेरा।" पाच वर्षं पैसे साठवून गावी स्वतःची बस घ्यायची आहे त्याला. सुट्टीच्या दिवशीही तो बसने फिरतो, कुठे किती लोक चढतात ते बघायला.

जाणाऱ्यांसाठी झटपट आराखडा

पहिला दिवस: वॅलेटा पायी, बारा वाजताची तोफ, लिफ्टने खाली, दायसाने तीन शहरं.
दुसरा दिवस: रबात, तिथून २०१ ने डिंगली, हाजार ईम, ब्लू ग्रोटो. वॅलेटाला परत यायला ७४. संध्याकाळी मदिना हवी असेल तर दिवस उलटा फिरा.
तिसरा आणि चौथा दिवस: गोझो, एक रात्र मुक्काम. सितादेल्ला, जगांतिया मंदिर, द्वेय्रा, मिठागरं.
रविवार: मार्साश्लोक, सकाळी लवकर.
एक दिवस मोस्टा आणि मेल्लीहाचा किनारा.
कोमिनोच्या ब्लू लगूनला जायचं असेल तर २०२५ पासून आधी नोंदणी करून वेळ घ्यावी लागते.
दुपारी एक ते चार बरीच छोटी दुकानं बंद असतात, खरेदी सकाळी किंवा संध्याकाळी.

न जाणाऱ्यांसाठी गृहपाठ

माल्टाला जायला लाखभर रुपये आणि व्हिसा लागतो. हा गृहपाठ तिकिटाच्या पैशात होतो.

ज्या भागात दुकान टाकायचं आहे, तिथली बस पकडा. पहिल्या स्टॉपपासून शेवटच्यापर्यंत बसा. तीन वेळा करा: सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी सात. एक वारी बाजाराच्या दिवशी. वहीत चारच गोष्टी लिहा. कुठे जास्त लोक उतरतात? उतरल्यावर घाईत चालतात की रेंगाळतात? हातात पिशवी येताना असते की जाताना? आणि स्टॉपपासून पन्नास पावलांत काय मिळत नाही? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. ते मिळेपर्यंत दुकानाचं डिपॉझिट भरू नका.

तुमच्या वहीतलं पान फोटो काढून व्हिडिओखाली टाका. पुढच्या रविवारच्या लाइव्हमध्ये त्यातल्या पाच पानांवर आपण बोलणार आहोत. बस नंबर लिहायला विसरू नका.